फिर्याद देऊन ४७ दिवस झाले, तपास अजून ‘चालू’ आहे: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मावशीची नऊ वर्षांची भाची आहे. घरी शिकवायला येणाऱ्या, कुटुंबाच्या ओळखीतल्या माणसाने तिच्याशी गैरवर्तन केलं. मुलीने घरी सांगितलं ते जवळजवळ दोन महिन्यांनी. फिर्याद दाखल होऊन आज ४७ दिवस झालेत. पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १० लावलंय, आरोपी कोठडीत आहे. पोलीस ठाण्यात विचारायला गेलं की ‘तपास चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. मावशी विचारतात: तपासाला काही मुदत असते का? उशीर झाला तर केस पडते का? आम्ही स्वतःच उशिरा गेलो, त्याचं काय? आणि आम्ही मुलीला अजून काही विचारावं का?

ताई, तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सगळ्यात तातडीची आहे, म्हणून आधी ती सांगते. पॉक्सो कायदा यायच्या आधीपासून मी अशा मुलांबरोबर काम करते आहे. आता कायद्याच्या भाषेत मला ‘साहाय्यक व्यक्ती’ म्हणतात. इतक्या वर्षांत घरच्यांना सगळ्यात मोठा धक्का बसताना मी पाहिलाय तो एकाच दिवशी. ज्या दिवशी दोषारोपपत्र वेळेत गेलं नाही म्हणून आरोपी जामिनावर सुटला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच गल्लीत दिसला, त्या दिवशी.

तुमच्या प्रकरणात दोन मुदती एकाच वेळी चालू आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली मुदत पोलिसांसाठी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या, कलम १९३ प्रमाणे पॉक्सोच्या कलम ४, ६, ८ आणि १० च्या गुन्ह्यांचा तपास माहिती नोंदवल्यापासून दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो. म्हणजे ही मुदत फिर्यादीच्या तारखेपासून मोजायची. ती उलटली म्हणून केस रद्द होत नाही आणि आरोपीही आपोआप सुटत नाही.

दुसरी मुदत आरोपीच्या कोठडीची, त्याच संहितेच्या कलम १८७ मधली. ज्या गुन्ह्याला दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा आहे तिथे ९० दिवस, बाकीच्या ठिकाणी ६० दिवस. कलम १० ला पाच ते सात वर्षांची शिक्षा आहे, त्यामुळे तुमच्याकडे ६० दिवसच आहेत. हे दिवस फिर्यादीपासून नाही, तर न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून मोजतात, आणि तो दिवसही धरतात. एवढ्या दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही आणि आरोपीने अर्ज करून जामीन द्यायची तयारी दाखवली, तर न्यायालयाला त्याला सोडावंच लागतं. तिथे पुरावा किती भक्कम आहे, मुलगी किती घाबरली आहे, यातलं काहीच पाहिलं जात नाही. वकिलांच्या बोलण्यात ‘डिफॉल्ट बेल’ हा शब्द येतो तो हाच. कलम ४ किंवा ६ असतं तर ९० दिवस मिळाले असते. म्हणून एफआयआरची प्रत काढून कलम एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

तर पहिलं काम: पहिल्या रिमांडची, म्हणजे न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसाची, तारीख मिळवा. ती तपास अधिकाऱ्याकडे असते, सरकारी वकिलांकडे असते, न्यायालयाच्या नोंदीतही सापडते. अटक फिर्यादीनंतर चार-पाच दिवसांनी झाली असेल तर तुमच्या हातात थोडे जास्त दिवस आहेत. पण थोडेच.

दुसरं काम: तोंडी विचारणं बंद करा. ‘काय झालं हो केसचं?’ या प्रश्नाला ‘चालू आहे’ हेच उत्तर येणार, कारण प्रश्नच तसा आहे. एका पानाचा अर्ज लिहा. वर गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं. खाली फक्त एवढं विचारा की दोषारोपपत्र कोणत्या तारखेपर्यंत दाखल होणार आहे, कोणाचे जबाब घ्यायचे बाकी आहेत, आणि प्रयोगशाळेकडे काही पाठवलं असेल तर काय आणि कधी. शेवटी एक ओळ घाला: कलम १८७ प्रमाणे साठावा दिवस अमुक तारखेला येतो, कृपया लक्षात असावं. अर्ज तपास अधिकाऱ्याच्या नावाने. एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना, शहरात असाल तर सहायक पोलीस आयुक्तांना. आणि तुमच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. ठाण्याचा गोल शिक्का, तारीख, सही. मी एका आईबरोबर आवक टेबलासमोर दीड तास बसले होते. ‘ठेवून जा, साहेब बघतील’ असं तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा कारकुनाने काही न बोलता शिक्का उचलला. त्याच आठवड्यात तपास अधिकाऱ्याचा स्वतःहून फोन आला. त्या शिक्क्यामुळेच आला, असं छातीठोकपणे नाही म्हणणार. पण शिक्का मारलेला कागद फाइलला लागतो, आणि फाइल वरिष्ठ वाचतात.

नव्या संहितेत तपास कुठवर आलाय हे फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक केलंय, मोबाइलवर कळवलं तरी चालतं. पण त्या ९० दिवसांची वाट तुम्ही बघू नका. तुमची खरी मुदत त्याच्या आधी संपते आहे.

आता, तपास अडतो कुठे? अधिकाऱ्याची बदली होते, अर्धं ठाणं बंदोबस्ताला जातं, शाळा जन्मतारखेचा दाखला द्यायला पंधरा दिवस लावते, पंच मिळत नाहीत. सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण मात्र एकच: ‘सीए रिपोर्ट यायचाय.’ म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा रासायनिक विश्लेषणाचा अहवाल. तो खरोखरच उशिरा येतो. पण त्यासाठी दोषारोपपत्र थांबवून ठेवावं लागत नाही, अहवाल नंतर जोडता येतो. तुमच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट तपासा. घटनेनंतर दोन महिन्यांनी फिर्याद झाली असेल तर प्रयोगशाळेत पाठवण्यासारखे नमुने मुळात होते का? आरोपीचा मोबाइल पाठवला असेल तर ते वेगळं. पण काहीच पाठवलेलं नसताना ‘रिपोर्ट यायचाय’ हे सवयीने दिलेलं उत्तर मी स्वतः ऐकलंय. म्हणूनच अर्जात ‘काय आणि कधी पाठवलं’ हे विचारायचं.

जन्मतारखेचा पुरावा तुम्हीच नेऊन द्या. शाळेचा दाखला, तो नसेल तर महानगरपालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणीने वय ठरवतात. मुलगी बारा वर्षांच्या आतली आहे यावर कलम १० उभं आहे, त्यामुळे हा साधा कागद केसमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद ठरू शकतो.

तुम्ही उशिरा गेलात, त्याबद्दल. हा प्रश्न लिहिताना तुमचा हात थरथरला असेल याची मला कल्पना आहे, कारण प्रत्येक घर हाच प्रश्न खालच्या आवाजात विचारतं. लैंगिक गुन्ह्यात फिर्यादीला उशीर झाला म्हणून ती खोटी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमित सिंग निकालातच स्पष्ट केलंय आणि तेव्हापासून न्यायालयं ते मानत आली आहेत. न्यायालयाला लागतं ते उशिराचं कारण, आणि ते खरं असावं लागतं. तो माणूस रोज घरी येत होता, आई त्याला चहा देत होती, बाबा त्याच्या पाया पडायला सांगत होते. मग मुलीने कोणाला आणि काय सांगायचं? मूल बोलतं ते बहुधा काहीतरी बदललं की. शिकवणी बंद झाली की, तो माणूस गावाला गेला की, शाळेत कोणी चांगल्या-वाईट स्पर्शाबद्दल बोललं की. तुमच्या भाचीच्या बाबतीत असं काय घडलं ते तुमच्या जबाबात आलंय का, ते बघा. आलं नसेल तर पुरवणी जबाब द्या. ‘आम्ही आधी त्याच्या घरच्यांशी बोललो’, ‘लोक काय म्हणतील म्हणून पंधरा दिवस थांबलो’ असं काही असेल तर तेही सांगा. लपवलेलं कारण उलटतपासात निघतं तेव्हा त्याचा फार वाईट अर्थ लावला जातो.

तारखांचंही तसंच. नऊ वर्षांच्या मुलीला ‘१४ तारखेला’ असं सांगता येत नाही, आणि तिने ते सांगावं अशी अपेक्षाही नको. ‘सहामाही परीक्षेच्या आधी’, ‘आजी दवाखान्यात होती तेव्हा’ असं ती सांगते. त्या घटनांच्या तारखा शोधून देणं हे मोठ्यांचं काम. परीक्षेचं वेळापत्रक, आजीच्या दवाखान्याचा डिस्चार्ज कागद, शिकवणीची फी ऑनलाइन पाठवल्याची नोंद. हे कागद तुम्ही उद्या काढू शकता.

जे लोक तुमच्यासारख्याच प्रसंगात आज, पहिल्या दिवशी उभे आहेत त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगावं लागेल, कारण दोन महिन्यांची मुदत कितीही पाळली तरी तपासाचा जीव पहिल्या तीन-चार दिवसांत असतो. शारीरिक नमुने मिळण्याची शक्यता ७२ तासांनंतर फार कमी होते, आणि ९६ तासांपर्यंत ते घ्यावेत असं केंद्र सरकारच्या २०१४ च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यामुळे आंघोळ घालायच्या आधी दवाखाना. कपडे धुवायचे नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत. सुकवून कागदात गुंडाळायचे. आणि हे फार थोड्यांना माहीत असतं: पॉक्सोच्या कलम २७ प्रमाणे एफआयआर झालेला नसतानाही मुलाची वैद्यकीय तपासणी होऊ शकते. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणून दवाखान्याने परत पाठवणं चुकीचं आहे. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि आई-वडील किंवा मुलीला विश्वास वाटतो असं माणूस सोबत असायला हवं. तपासणीत जखम दिसली नाही म्हणजे काही घडलं नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू देऊ नका. बहुसंख्य प्रकरणांत जखम नसतेच.

शाळेतलं किंवा इमारतीतलं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पुसलं जातं. पोलीस येईपर्यंत थांबू नका. ‘अमुक तारखांचं चित्रण जपून ठेवा’ असं पत्र त्याच दिवशी द्या, त्याचीही पोच घ्या.

फिर्याद घ्यायलाच टाळाटाळ होत असेल तर? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणात शाळेतच अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्या मुलींच्या घरच्यांना गुन्हा नोंदवायला किती वाट बघावी लागली ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवण्यातल्या उशिराबद्दल पोलिसांना धारेवर धरलं. कायद्यात मात्र उशिराला जागाच ठेवलेली नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती मिळाली की नोंदवायची आणि २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. नोंद न करणाऱ्या पोलिसाला कलम २१ खाली शिक्षा आहे. शाळेने किंवा संस्थेने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हद्दीचा वाद घालून परत पाठवता येत नाही, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. तरीही नाही म्हणाले तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तर तिथे, आणि त्यानंतर न्यायालयात. दरम्यान १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

एवढं सगळं वेळेत व्हायला हवं म्हणते आहे खरी, पण घाईबद्दल माझी तितकीच मोठी तक्रार आहे. काही वर्षांपूर्वी एका आठ वर्षांच्या मुलीचा जबाब रात्री उशिरा, ठाण्यातच घेतला गेला. कायद्याने मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेशात तर नाहीच. पण ‘वेळेत उरकून टाकू’ या नादात हे सगळं बाजूला राहिलं. पेंगुळलेली मुलगी ‘हो’, ‘नाही’ म्हणत राहिली. जबाब झाला एक पानाचा. अकराव्या दिवशी, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिने उरलेलं सांगितलं. आम्ही पुरवणी जबाब नोंदवून घेतला, तरी उलटतपासात आरोपीच्या वकिलांनी तीन तास एकाच मुद्द्यावर घालवले: हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?

याच्या अगदी उलट मी पाहिलंय ते एका लहान तालुक्याच्या गावी. उपनिरीक्षक बाई सकाळी दहाला साध्या कपड्यांत आल्या, चपला बाहेर काढल्या, खाली सतरंजीवर बसल्या. पहिली वीस मिनिटं मुलीच्या वहीतली चित्रं बघितली. मग एकच प्रश्न: ‘आईने मला सांगितलं की तुला काहीतरी सांगायचंय. सांगतेस?’ आणि गप्प बसल्या. मुलगी फ्रॉकच्या टोकाची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. किती वेळ गेला कोण जाणे, पण बाई मध्ये एक अक्षर बोलल्या नाहीत. मग मुलगी बोलायला लागली ती शेवटपर्यंत थांबली नाही. जबाब तिच्याच शब्दांत लिहिला गेला, मोठ्यांच्या शब्दांत नाही. फिर्याद आदल्या संध्याकाळी झाली होती. म्हणजे एवढा सावकाश जबाबसुद्धा वेळेतच झाला होता.

माझ्या एका वहीत मी एका मुलीने किती जणांना ते सांगितलं त्याची यादी केली होती: आई, आजी, वर्गशिक्षिका, मुख्याध्यापिका, ठाणे अंमलदार, तपास अधिकारी, डॉक्टर, न्यायदंडाधिकारी, बाल कल्याण समिती, वकील, आणि शेवटी न्यायालय. अकरा वेळा. यातल्या वर्गशिक्षिका, मुख्याध्यापिका आणि ठाणे अंमलदार यांनी तिला विचारायचं काहीच कारण नव्हतं. ‘मुलाने काहीतरी सांगितलंय’ एवढी माहिती पुढे पोहोचवणं त्यांचं काम होतं. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब मात्र हवाच, आणि तो लवकर हवा. पीडितेला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावं आणि उशीर झाला तर कारण केस डायरीत लिहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. तुमच्या भाचीचा तो जबाब झालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाला नसेल तर अर्जातला पहिला मुद्दा तोच करा.

दोषारोपपत्र गेलं की सुटलो, असंही समजू नका. तुमच्या वकिलांमार्फत त्याची प्रत मागा, ती १४ दिवसांत मिळायला हवी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, आणि पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथेच करायचा. प्रत मिळाली की बसून वाचा. तुम्ही सांगितलेला एखादा साक्षीदार सुटलाय का, पुरवणी जबाब लागलाय का, शिकवणीच्या खोलीचा पंचनामा आहे का. काही राहून गेलं असेल तर पुढच्या तपासाची मागणी करता येते. विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलीची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण व्हावा असं पॉक्सोचं कलम ३५ म्हणतं. बऱ्याच ठिकाणी तसं होत नाही. पण मुलीची साक्ष लांबली तर तिला वर्षानुवर्षं ते सगळं लक्षात ठेवत जगावं लागतं, म्हणून सरकारी वकिलांना प्रत्येक तारखेला याच कलमाची आठवण करून द्या. आणि बाल कल्याण समितीकडे साहाय्यक व्यक्ती मागितली नसेल तर आजच मागा. या सगळ्या तारखा एकट्या कुटुंबाने सांभाळायच्या नसतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. भाचीला स्वतःहून काही विचारू नका. ‘नीट आठव’, ‘अजून काही झालं होतं का’ हे तर अजिबात नको. तुम्ही विचाराल, ती तुम्हाला बरं वाटेल असं उत्तर देईल, आणि मग तिचं कुठलं आणि तुमचं कुठलं हे कोणालाच सांगता येणार नाही. पण ती आपणहून बोलली तर हातातलं काम ठेवून ऐका. मध्ये बोलू नका, रडू आवरलं नाही तर नाही, पण प्रश्न नकोत. ती झोपली की वहीत तारीख आणि वेळ टाकून तिचे शब्द जसेच्या तसे लिहा, ‘तो’ म्हणाली असेल तर ‘तो’, ‘काका’ म्हणाली असेल तर ‘काका’. त्यात नवीन काही असेल तर दुसऱ्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला सांगा, म्हणजे दोषारोपपत्र जाण्याआधी पुरवणी जबाब होईल.